२,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक

२,००० कार्षापण (त्या काळची नाणी) मुद्दल, व्याज दरमहा शेकडा १. महिन्याचे झाले २०, वर्षाचे २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणारे बौद्ध भिक्षू २० आणि प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, १२ कार्षापण. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो.

हा हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत दगडावर कोरलेला आहे. कोरवून घेणारा उषवदात, क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप (शक राज्यकर्त्या) नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने एकूण ३,००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. २,००० एकीकडे शेकडा १ दराने, उरलेले १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लिहून ठेवलं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि दप्तरात नोंदवलं, असंही लेखात सांगितलं आहे. ते गोवर्धन आजही गंगापूरच्या बाजूला, त्याच नावाने आहे.

मी बी.कॉम. झालेली. ताळेबंद जुळला की मला मनापासून आनंद होतो, आणि हा लेख पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा तोच आनंद झाला. पुढे मी पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. केलं. आता नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक भेटायला येतात. इतिहास घेऊ का, पुरातत्त्व घेऊ का, संस्कृत-प्राकृताकडे जाऊ का, असं विचारतात. माझं सांगणं एकच असतं: हे सगळं जिथे एकमेकांच्या शेजारी शिकवलं जातं, अशा ठिकाणी जा. आणि मानववंशशास्त्र, म्हणजे आज जगत असलेल्या माणसांचा अभ्यास, तोही तिथे असेल तर फारच चांगलं. प्रत्येकाला हे तोंडी नीट सांगणं होत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी उषवदाताचंच प्रकरण पुढे नेते.

लेख वाचायला ब्राह्मी लिपी यायला हवी आणि प्राकृत यायला हवं. नुसती लिपी येऊन भागत नाही. अक्षरं लावता येतील, पण ‘पडिक सत’ म्हणजे व्याजाचा दर आहे हे भाषा कळल्याशिवाय समजणार नाही. म्हणजे पहिलं काम भाषेच्या माणसाचं. पण दात्याने स्वतःबद्दल स्वतःच कोरलेल्या लेखात त्याचं पुढे काय झालं ते कुठून असणार? ते दुसरीकडे सापडतं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली आहेत. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी, आणि मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. हरलेल्या राजाचं चलन वितळवत न बसता त्यावरच नवा शिक्का मारून बाजारात सोडलं. सत्ता पालटली, हे असं हातात धरून दाखवता येतं.

मग पुन्हा पांडवलेण्यांत यायचं, लेणं क्रमांक ३. तिथे गौतमीपुत्राची आज्ञा आहे, त्याच्या १८व्या राज्यवर्षातली. आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही या भिक्षूंना देतो, असं ती सांगते. सहा वर्षांनी दुसरी आज्ञा निघाली. दिलेल्या शेताचं गाव ओस पडलं आहे, शेत कुणी कसत नाही, म्हणून त्याऐवजी राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. वर्गात मी हे दोन लेख सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखे वाचून दाखवते. शेतकऱ्यांची मुलं लगेच पुढे सरकून बसतात, कारण असल्या कागदांसाठी वडिलांना तलाठ्याकडे खेटे घालताना त्यांनी पाहिलेलं असतं. गाव का ओस पडलं? लढाईमुळे की आणखी कशामुळे, ते लेख सांगत नाही. त्याचं उत्तर मिळालंच तर एखाद्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात मिळेल, खणल्यावर.

ही दुसरी आज्ञा एकट्या राजाची नाही. राजा आणि राजमाता, दोघांच्या नावाने ती निघाली आहे. पुढे पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात याच लेण्याच्या दानाचा मोठा लेख राजमाता गौतमी बलश्रीने कोरवला. त्यात तिने मुलाचं वर्णन क्षहरातांचा वंश निःशेष करणारा असं केलं आहे. हा पुळुमावी म्हणजे तिचा नातू, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. बापाचं नाव गौतमीचा पुत्र, मुलाचं नाव वासिष्ठीचा पुत्र.

आईच्या नावाने ओळखले जाणारे राजे दिसले की लोक पटकन म्हणतात, सातवाहन मातृसत्ताक होते. मी अभिमानाने बोललेली भाषणंही ऐकली आहेत या विषयावर. पण गादी तर बापाकडून मुलाकडेच जाते आहे. मातृसत्ता म्हणजे काय, वंश आईकडून मोजणं वेगळं, वारसा आईकडून येणं वेगळं आणि नुसतं आईचं गोत्रनाव लावणं वेगळं, हे फरक ज्याने जिवंत समाजांत हिंडून पाहिलेले असतात, तोच इथे हात वर करून थांबवू शकतो. दुसरी गोष्ट त्याहून मजेची. गौतमी, वासिष्ठी ही माहेरच्या गोत्राची नावं मानली, तर लग्नानंतर बाईने नवऱ्याचं गोत्र घ्यायचं, हा धर्मशास्त्राचा नियम या राजघराण्यात दिसत नाही. मग या घरांत सोयरीक कशी जुळत होती? अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण प्रश्न कसा विचारायचा ते तरी यातून कळतं.

बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या लोकांचे पाच वेगळे आचार सांगितले आहेत. त्यांत मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं हाही आहे. आपल्याकडे मामाची मुलगी ही हक्काची, असं आजही कित्येक घरांत म्हणतात. नर्मदेपलीकडे बहुतेक ठिकाणी हे ऐकून लोक कानावर हात ठेवतील. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधोमध बसतो. हे नकाशावर मांडून दाखवणाऱ्या इरावतीबाई कर्वे डेक्कन कॉलेजच्याच. त्यांनी ऋग्वेद आणि अथर्ववेदातले नातेवाचक शब्द वेचून त्यांवर लिहिलं आणि गावोगाव फिरून माणसांना विचारून नात्यांची कोष्टकंही केली. संस्कृत येत नसतं तर पहिलं काम झालं नसतं, आणि पायपीट केली नसती तर दुसरं.

डेक्कन कॉलेजची ही घडण मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, हे त्याचं मूळ. पुढे ती येरवड्याच्या बाजूला दगडी इमारतीत आली, टिळक-आगरकर तिथे शिकले, राजवाडेही शिकले. सरकारने १९३४ मध्ये ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तेव्हा नेमलेली माणसं पाहा. हसमुख सांकलिया पुरातत्त्वाला, इरावती कर्वे समाजशास्त्राला, सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्राला, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला. वैदिक संस्कृतला आणखी एक प्राध्यापक. चारही दिशांची माणसं एका आवारात, चालत जाऊन एकमेकांना गाठता येतील एवढ्या अंतरावर. हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. सांकलिया स्वतः बी.ए.ला संस्कृत घेतलेले. १९४० च्या दशकात गुजरातमध्ये लांघणज इथे वाळूच्या टेकाडात सूक्ष्मास्त्रांबरोबर, म्हणजे अगदी लहान दगडी हत्यारांबरोबर, पाय पोटाशी दुमडून पुरलेले मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा इरावतीबाई त्यांच्याबरोबर उत्खननावर होत्या. बर्लिनमध्ये त्यांची पीएच.डी. मानवी कवटीच्या अभ्यासावरची. सांगाड्यांसाठी माणूस बाहेरून आणावा लागला नाही.

इथपर्यंत मी लेखांच्या काळातलं बोलले. पण लेखच नसतील तर? महाराष्ट्रातल्या माणसांचा फार मोठा काळ असा आहे, की त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. आमच्या नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी सांकलियांना १९४३ मध्ये अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली. जिथे आता लोक धरण बघायला जातात तोच हा भाग.

आणि इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. १९६८ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डेक्कन कॉलेजने तिथे हंगामामागून हंगाम खणलं. एकच खोल चर घेऊन संस्कृतींचा क्रम लावायचा, ही जुनी रीत. इथे मोठं क्षेत्र आडवं उघडलं, कारण त्यांना एक अख्खं गाव पाहायचं होतं. घरांच्या चुना टाकलेल्या जमिनी, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, पुराचं पाणी वळवणारा बांध आणि पाट. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात हे गाव नांदत होतं. ते लोक जव पिकवत, गहू, कडधान्यं, तीळही. बोरं, आवळे, जांभळं खात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळत, चितळ आणि काळवीट मारत, कासव आणि खेकडेही खात. ही यादी वाचताना मला नेहमी भरून येतं. कुठल्याही राजाच्या प्रशस्तीत नसलेली माणसं, आणि त्यांनी बोरं खाल्ली हे आपल्याला ठाऊक आहे. जळून कोळसा झालेले दाणे माती पाण्यात कालवून वर तरंगवून गोळा करायचे, आणि मग एकेक दाणा भिंगाखाली ओळखायचा. हाडांचं तसंच. त्यामागे माणसांची वर्षं गेली आहेत.

लहान मुलं गेली की त्यांना दोन घडे तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली पुरायचे. मोठ्यांना जमिनीत आडवं पुरायचे, डोकं उत्तरेला, पण कित्येकांचे पाय घोट्याखाली तोडलेले. गावाच्या मधोमध असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र एक माणूस चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्या घराला धान्याचं कोठारही होतं. गावात सगळे सारखे नव्हते, हे एवढ्यावरून कळतं.

पाय का तोडले असतील? एम.ए.च्या आमच्या वर्गात ही चर्चा फार रंगली होती. मेलेल्याने उठून चालू नये म्हणून, हे उत्तर सुचतंच, आणि ते अभ्यासकांनीही दिलं आहे. वर्गातल्या एकाने लगेच भुताचे उलटे पाय काढले, ते आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेले असतात. दुसरी संस्कृतची पदवीधर, तिने मनुस्मृती काढली: दोन वर्षांखालचं मूल जाळायचं नाही, पुरायचं. आजही बहुतेक घरांत तसंच करतात. सगळं जुळून आल्यासारखं झालं. सरांनी शांतपणे विचारलं, इनामगाव आणि तुमची आजी, यांच्यामधली अडीच-तीन हजार वर्षं कुठे आहेत? मनुस्मृती मूल गावाबाहेर पुरायला सांगते, इथे तर ते घरात आहे, मग जुळलं काय? आणि शेवटी, या थरातल्या किती दफनांत पाय तोडलेले नाहीत ते मोजलं का?

मी विद्यापीठात जे शिकले त्याचा गाभा मला या तीन प्रश्नांत दिसतो. चार विषय शेजारी असण्याचा फायदा लोक असा सांगतात, की ते एकमेकांना पूरक असतात. ते खरं आहे, पण अर्धंच. ते एकमेकांना आवर घालतात, हे मला अधिक मोलाचं वाटतं. संस्कृतवाला श्लोक घेऊन थेट खड्ड्यात उतरायला निघाला की पुरातत्त्ववाला थर दाखवतो. पुरातत्त्ववाल्याने भांड्यांच्या एका प्रकाराला एका ‘लोकांचं’ नाव दिलं की मानववंशशास्त्रवाली विचारते, एकाच कुंभाराकडून चार जातींची घरं भांडी नेतात हे पाहिलं आहेस का? आणि तिने आजच्या पाड्यावरून उद्या पुराणकाळ सांगायला घेतला, की इतिहासवाला मधल्या शतकांची कागदपत्रं समोर ठेवतो. अशा खोलीत बसून बोलायची सवय झालेला माणूस सभेत टाळ्यांसाठी वाटेल ते विधान करत नाही. आज आपल्या इतिहासाबद्दल जे काही फोनवर फिरतं, ते बघून मला ही सवय जास्तीत जास्त मुलांना लागावी असं फार वाटतं.

तुलना करूच नये, असं मी म्हणत नाही. इनामगावच्या शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. इनामगाव खणणाऱ्यांपैकी मधुकर ढवळीकरांनी त्याच परिसरातल्या फासेपारध्यांच्या गोल झोपड्या नीट पाहिल्या, त्यांची राहणी पाहिली, मग भांडी, पिकं आणि हाडं यांच्याशी ताडून मांडलं की पाऊस कमी झाला, शेती आवाक्याबाहेर गेली आणि लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन अर्धे भटके झाले. पुढे त्यावर वाद झाले, व्हायलाच हवेत. पण तुलना कशी करावी, याचा तो धडा आहे. आधी मोजायचं, मग शेजारी जाऊन बसायचं, विचारायचं, आणि मगच बोलायचं.

भाषांच्या बाजूला वर्षानुवर्षं चाललेलं काम पाहायचं असेल तर डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोशाचा विभाग बघून या. कत्र्यांनी १९४८ साली ते काम उभं केलं. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ घेऊन त्यांतून शब्द टिपले, एकेका वापराची एकेक चिठ्ठी केली. चिठ्ठ्या सुमारे एक कोटी. लोखंडी कपाटांच्या खणांत त्या उभ्या लावलेल्या आहेत. छापील कोश १९७० च्या दशकात यायला लागला. प्रत्येक शब्दाचे अर्थ तिथे काळाच्या क्रमाने लावतात, सगळ्यांत जुना वापर आधी. एखादा शब्द अमुक अर्थाने आधी कुठे येतो, हे कळलं तर शिलालेखाचं वाचन बदलू शकतं. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी असूनही तिथे जात असे. कुणी हटकलं नाही, उलट खण उघडून दाखवले. कित्येकांनी अख्खी नोकरी त्या चिठ्ठ्यांवर केली, कोश पुरा झालेला आपण पाहणार नाही हे ठाऊक असून. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे.

आता पालकांच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. पोट कसं भरणार? सरकारी पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, अध्यापन, पुराभिलेखागारं, वारसा जतनाची कामं. जागा थोड्या आहेत आणि वाट पाहावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. घरची अगदीच ओढाताण असेल तर आधी एखादी हातची पदवी घ्या, मग या. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो. माझ्या वर्गात विज्ञानाची मुलं होती, त्यांना हाडं आणि माती लवकर समजायची. मला नाणी आणि वजनं समजायची. चित्रकलेचा एक मुलगा होता, खापराच्या काठावरून अख्ख्या भांड्याचा छेद काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

यायच्या आधी एक जुनी भाषा निदान तोंडओळखीपुरती करा. संस्कृत, पाली, प्राकृत, फारसी, कोणतीही. मराठ्यांच्या इतिहासाकडे जायचं असेल तर मोडी शिकाच, कारण रुमालांत बांधलेले मोडी कागद लाखोंनी आहेत आणि ते वाचू शकणारे फार थोडे. उन्हात दिवसभर उकिडवं बसायची तयारी ठेवा. खापरं धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर चराचं आणि थराचं नाव बारीक अक्षरात घालायचं, हे काम कंटाळवाणं वाटेल. पण तेवढंच ते मोलाचं आहे. थराचं नाव पुसलेलं खापर कशाचाही पुरावा राहत नाही.

यावरून शेवटची एक विनंती, मुलांना आणि मोठ्यांनाही. माझ्या वर्गात मुलं शेतातली, नदीकाठची खापरं, मणी, कधी एखादं नाणं घेऊन येतात. त्यांचा उत्साह मला मोडवत नाही. आधी आम्ही ती वस्तू नीट बघतो. मग मी सांगते, पुढच्या वेळी उचलू नका. जिथे दिसली तिथेच राहू द्या, मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पेन ठेवून काढा म्हणजे आकार कळेल. गट नंबर, विहीर, ओढा, काय जवळ असेल ते वहीत लिहा. नांगराने वर आली की खड्डा काढताना निघाली, तेही लिहा. मग मला, ग्रामपंचायतीला किंवा तहसील कार्यालयात कळवा. नाणी किंवा धातूच्या वस्तू एकत्र मिळाल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. कळवणाऱ्याचं नाव अहवालात जावं म्हणून मी स्वतः पाठपुरावा करते.